वाढवलेल्या काचा

पहाटे ५.१०

पडवीतल्या भट्टीवरचा लाल आकडा ४६ दाखवतोय. पन्नासच्या खाली उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकले. काल संध्याकाळी भट्टी ५१० अंशांवर तासभर धरली होती, मग रात्रभर हळूहळू उतरू दिली. तापलेली काच घाईनं गार झाली की वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आक्रसू पाहतो आणि ताण आतच कोंडून राहतो. अशी काच आठवड्यानं, कधी महिन्यानंही, कुणी हात न लावता तडकते.

आत सात नमुने आहेत. तिनांत मी बांगडीची काच भाताच्या तुसाच्या काचेला वितळवून जोडली होती. तिन्ही जोडावर तडकलेत. उरलेल्या चारांत जोड नव्हताच. या काचेची कडी त्या काचेच्या कडीत नुसती अडकवलेली. चारही शाबूत.

अंगावर शाल घेऊन ओट्यावर बसले आणि ते सात तुकडे बराच वेळ हातात फिरवले. आठ महिने मी जोडाच्या मागे लागले होते. रेसिडन्सीच्या अर्जातही तेच लिहून ठेवलं होतं की मला दोन काचा एकजीव करायच्या आहेत. आज अर्जाचा शेवटचा दिवस. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री ११.५९ची, म्हणजे आपल्याकडे उद्या सकाळी १०.२९. प्रस्ताव पुन्हा लिहावा लागणार.

सकाळी ६.००

आई चुलीपुढे बसून फुंकणीनं विस्तव जागा करतेय. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. काच फुगवायच्या लोखंडी नळीलाही मी फुंकणीच म्हणते. दुसरा शब्द शोधायची गरज कधी वाटली नाही.

रेसिडन्सी म्हणजे काय, हे आईला समजावताना मी म्हटलं होतं, माहेरपणाला जातात ना, तसं. सहा आठवडे तिथं राहायचं. राहायला खोली, कामाला भट्टी आणि आपला सगळा वेळ आपला. कुणी शिकवायला बसत नाही, परीक्षा नाही. जगात अशा जागा बऱ्याच आहेत. कॉर्निंगच्या काचसंग्रहालयानं १९९६ मध्ये आपला स्टुडिओ सुरू केला. वॉशिंग्टन राज्यातलं पिलचक १९७१ पासून उन्हाळ्यात काचेचे वर्ग भरवतं. डेल चिहुली हा काचकलावंत त्याच्या संस्थापकांपैकी एक. मी अर्ज करतेय ती जागा यांच्यापेक्षा लहान आहे, पण तिथं १३०० अंशांची भट्टी दिवसरात्र पेटलेली असते. माझी पेटी ११५० च्या पुढे जात नाही. अडलंय ते एवढ्याच अंशांसाठी.

आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "माहेरपण म्हणतेस, मग बोलावणं यायला पाहिजे ना? तूच कशी विचारतेस?"

"विचारल्याशिवाय त्यांना कळणार कसं, आई, की मी इथं आहे?"

तिला ते पटलं. तिनं चहात आलं जास्त घातलं.

सकाळी ७.१५

भातगिरणीवर दोन पोती तूस बांधून ठेवलंय. कोंडा गुरांना जातो, कणी घराघरांत जाते. तूस वीटभट्टीवाले नेतात, उरलेलं गिरणीमागे ढीग होऊन पडतं. त्या ढिगानंच मला या कामाला लावलं.

भाताचं रोप जमिनीतली सिलिका मुळांनी वर ओढून टरफलात साठवतं. तूस जाळलं की वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. काच म्हणजे मुळात सिलिकाच. वाळूच्या जागी ही राख, तिच्यात धुण्याचा सोडा आणि थोडा चुना. सोड्यामुळे सिलिका कमी उष्णतेला वितळते, चुन्यामुळे झालेली काच पाण्यात विरघळत नाही. माझ्या वहीतला हिशोब असा: किलोभर काचेला सातशे ग्रॅम सिलिका, म्हणजे जवळपास चार किलो तूस. एका पोत्यात कितीतरी मणी.

जाळण्यात मात्र कसब आहे. आच ७०० अंशांवर गेली तर राखेतली सिलिका स्फटिक होऊ लागते आणि मुशीत वितळायला हट्ट धरते. हवा कमी पडली तर कोळसा राहून राख काळी होते. मंद आच आणि भरपूर हवा असेल तर राख पांढरट, हाताला मऊ लागते. इकडच्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. राब भाजताना पाला, गोवऱ्या, माती यांचे थर कसे लावायचे, वाऱ्याच्या कुठल्या अंगानं पेटवायचं म्हणजे आग धावणार नाही, धुमसत राहील, हे काकांनी मला सात-आठ वर्षांची असताना बांधावर उभं करून दाखवलं होतं. माझी तुसाची कोठी त्याच बेतानं रचलेली आहे.

गिरणीवाले काका पोतं स्कूटरवर चढवून देतात. पैसे घेत नाहीत, दर वेळी विचारतात, "झाली का गो काच?" खिशातून आजची शाबूत कडी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. फिकट हिरवी, आत बारीक बुडबुडे, एका बाजूला न वितळलेला पांढरा खडा. त्यांनी ती उजेडात धरली.

"ही आपल्या भाताची?"

"आपल्या भाताची."

बराच वेळ त्यांनी ती परत दिली नाही.

सकाळी ८.४०

फोटो. अर्जाला दहा लागतात. काचेचा फोटो काढणं अवघड, कारण कॅमेरा काचेपेक्षा तिच्यामागचंच जास्त टिपतो. थंडीत धुकं विरून ऊन तिरपं येतं ती पाऊण तासाची वेळ चांगली. पांढरा पंचा दोरीवर ताणला, काच त्याच्यापुढे टांगली, उजेड मागून. फोनच्या पडद्यावर कड्यांच्या कडा काळ्या रेघेनं उठून दिसल्या. पूर्वेला सह्याद्रीची भिंत अजून निळीच होती. एका फोटोत ती नकळत कडीच्या आत आली. तो फोटो ठेवला.

सकाळी १०.००

बाजारात कासारीण मावशींचं दुकान. माझं मूळ इथं आहे, आणि अर्जातल्या "काचकामाचं शिक्षण कुठं घेतलं" या रकान्यात नेमकी हीच जागा बसत नाही.

लहानपणी मावशी आईला बांगड्या भरायच्या तेव्हा मी समोर बसून असायचे. "हात सैल सोड बाय, हात माझा समज," असं म्हणत त्या आईचा पंजा असा दाबून वळवायच्या की पंजापेक्षा लहान बांगडी मनगटावर जाऊन बसायची. भरताना फुटलेल्या बांगडीच्या काचा मला मिळायच्या. आम्ही मुली त्यांच्यावर काचापाणी खेळायचो आणि दिवाळी उलटली की उरलेल्या मेणबत्त्या घेऊन साखळ्या करायचो. काच ज्योतीवर धरायची, मधोमध मऊ पडली की हळूच वाकवायची, टोकं मिटायच्या आत पुढची काच त्यात ओवायची. काजळीनं बोटं काळी, एखादा चटका ठरलेला. अशी तोरणं इकडच्या कितीतरी दारांवर लागलेली होती. महाराष्ट्रात कितीएक मुलींनी हे केलं असेल, आणि ते काचकाम आहे असं कुणी त्यांना सांगितलं नसेल. मला ते अंबरनाथला, खऱ्या बर्नरपुढे बसल्यावर कळलं.

मावशींनी माझ्यासाठी बरणी भरून ठेवलीय. फिरोजाबादहून येणाऱ्या खोक्यांत वाटेतच बरंच काही फुटतं. हिरवा रंग जास्त, लग्नसराईची मागणी. त्या एकेक काच निवडून देतात. "ही घे, ही जुन्या मालातली, आता असा हिरवा येत नाही."

पैसे फोनवरून दिले. नोटाबंदीनंतर २०१६ च्या डिसेंबरात आमचं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, तेव्हा दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं आली होती. आता भिंतीवर चौकोनी चिठ्ठी चिकटवलेली असते. मावशींनी फोनचा आवाज ऐकून मान हलवली आणि विचारलं, "तिकडं बायका बांगड्या घालतात का गो?"

"काचेच्या फारशा नाही, मावशी."

"मग त्यांना ह्या काचा कशा कळणार? तू नीट लिही. फुटक्या म्हणू नको. वाढवलेल्या म्हण."

दुपारी १२.००

लिहायला बसले. आधी मराठीत, कारण इंग्रजीत मी विचार करत नाही, फक्त अर्ज भरते.

जुना प्रस्ताव दोन काचा वितळवून एक करण्याचा होता. तो का जमणार नाही, हे खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते आणि गार होताना किती आक्रसते, याचा अंक ठरलेला असतो. प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट काच, जी कॉर्निंगनं १९१५ मध्ये पायरेक्स या नावानं बाजारात आणली, ती थोडीच फुगते. बांगडीची सोडा-चुन्याची काच तिच्या जवळजवळ तिप्पट. या दोघी जोडल्या तर गार होताना एकमेकींना ओढतात आणि तडकतात. तुसाची काच या दोघींहून वेगळी, शिवाय दर मुशीला तिचा अंक बदलतो. कारण गिरणीत आलेलं भात दर वेळी वेगळ्या शेतातलं असतं.

साखळीत मात्र कुणाला कुणाशी वितळावं लागत नाही. प्रत्येक कडी आपल्याआपल्यात मिटते, आपल्या वेगानं गार होते, तरी दुसरीला सोडत नाही. हे मी दहाव्या वर्षी मेणबत्तीवर करत होते. आता प्रस्ताव असा: बारा फूट लांबीचं तोरण, एक कडी मुरबाडच्या तुसाच्या काचेची, एक वाढवलेल्या बांगडीची. त्यांच्या भट्टीत तुसाची काच पूर्ण वितळवून, पांढरे खडे न राहता, कांड्या ओढायच्या. कड्या मी बर्नरवर वळवीन.

मग "पार्श्वभूमी"चा रकाना. इथं माझी लेखणी आवरत नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचा भारतीय काचेचा इतिहास मुंबई विद्यापीठानं १९६९ मध्ये छापला. त्याच्या झेरॉक्स पानांवर माझ्या खुणा आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला आणि नेवाशाला उत्खननात काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. म्हणजे आपल्या मातीत बांगडी शतकानुशतकं वाढत आलीय. इथून पूर्वेला नाणेघाट. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल त्या घाटानं कल्याण-सोपाऱ्याला उतरायचा. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण अजून तसाच आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काच नोंदलेली आहे आणि त्याच ग्रंथात कल्याणचंही नाव येतं. समुद्रावरून आलेली काच कधी याच वाटांनी वर गेली असेल, असं मला मनापासून वाटतं, पण अर्जात तसं लिहिलं नाही. नोंद आहे तेवढंच लिहिलं.

आणि स्वदेशीचा काळ. लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंडानं १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला, कराडजवळची ओगलेवाडी त्यांच्याच नावाची. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या माळ्यावर आहे. काच फुटलेली, पण सांगाडा धड. एक पैसा देणाऱ्या माणसालाही काच आपली वाटली होती, ही गोष्ट परक्या देशातल्या निवड समितीला का सांगावी? कारण विचारलंय, "तुमचं काम कुठल्या परंपरेत बसतं." मी व्हेनिस लिहू शकत नाही. मी हेच लिहू शकते.

दुपारी २.४५

पोटाचं काम. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला कंडेन्सर दुरुस्तीला आलाय, पाण्याची नळी मुळापासून तुटलेली. गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत निळी लांब केली, डिडिमियमचा जांभळट चष्मा लावला. तापलेल्या काचेतल्या सोडियमची पिवळी झळ या चष्म्यात दिसेनाशी होते आणि मऊ पडलेला जोड स्वच्छ दिसतो. दोन्ही हात एका गतीनं फिरले पाहिजेत. डावा जरा मागे राहिला की नळी पिळली जाते. मधेच वीज गेली, पण ज्योतीला विजेचं काही देणंघेणं नाही. वीस मिनिटांत जोड बसला. उद्या पहिल्या एसटीनं मुरबाडला पाठवायचा.

दुपारी ४.३०

मिस्त्रीकाकांचा फोन. अंबरनाथला सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. शिफारशीची दोन पत्रं लागतात. एक कल्याणच्या बाईंनी, ज्यांनी माझी तोरणं शाळेत लावली, तिसऱ्या दिवशीच पाठवलं. दुसरं काकांचं. त्यांनी जन्मात कुणाला पत्र लिहिलेलं नाही. मुलगा संगणकापुढे बसलाय आणि ते सांगतायत.

"हे विचारतायत, कलाकार म्हणून हिचं सामर्थ्य काय. मी काय सांगू? मी तुला कंडेन्सर करताना बघितलंय."

"तेच सांगा, काका."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते मुलाला म्हणाले, मी ऐकतेय हे विसरून, "लिही. पहिल्या दिवशी मी हिला काच फिरवायला दिली. दोन्ही हात सारखे फिरत होते. लोकांना हे यायला वर्ष लागतं. मी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, मेणबत्तीवर. मला वाटलं मस्करी करते. मग तिनं डब्यातून बांगड्यांची साखळी काढून दाखवली. त्या दिवसापासून मी हिला कारागीर धरलं." मुलानं विचारलं, "एवढंच?" काका म्हणाले, "एवढं पुरे. खरं आहे ते."

मला बोलता येईना. काकांनी विचारलं, "गेलीस की परत येणार ना?"

"तूस इथं आहे, काका. परत यायलाच लागेल."

संध्याकाळी ६.३०

भाची क्लासवरून आली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी मराठी वाचते, ती लिहिते, मग दोघी मिळून ओळ घासतो. सगळं सरळ चाललं आणि एका शब्दाशी अडलं.

"आत्या, 'वाढवलेल्या' म्हणजे वाढवलेल्या कशा? मी 'मोठ्या केलेल्या' असं लिहिलंय."

तिला सांगितलं. बांगडी फुटली असं बाईमाणूस म्हणत नाही, वाढवली म्हणते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तुटणं तोंडावर आणायचं नाही, म्हणून तुटण्यालाच वाढ म्हणायचं. पंधरा वर्षांची ती पोर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. आजीला हाक मारली, "आजी, तू बांगडी फुटली म्हणतेस का कधी?" आतून आईचा आवाज, "शुभ बोल गो."

तीन वाक्यं करून पाहिली. पहिल्यात शब्दाचा अर्थ गेला, दुसऱ्यात ते धर्मग्रंथातलं वाटू लागलं. शेवटी शब्द मराठीच ठेवला, रोमन लिपीत, आणि पुढे साध्या इंग्रजीत लिहिलं की आमच्या बायका फुटलेल्या बांगडीला हे म्हणतात, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ वाढणं असा आहे. तोरणाचं नावही तेच दिलं. शब्दमर्यादा पाचशेची होती. यासाठी पैसा फंडाचं एक वाक्य काढावं लागलं. मला ते लागलं, पण मावशींना शब्द दिला होता.

प्रदर्शनांच्या रकान्यात गॅलऱ्यांची नावं लिहायची असतात. तिथं लिहिलं: शाळेचं प्रवेशद्वार, तीन तोरणं. भाचीनं विचारलं, हे चालेल? चालायला हवं. रोज शेकडो मुलं त्यांच्याखालून जातात.

रात्री ९.५०

फोटो चढवताना नेटवर्क दोनदा गेलं. गच्चीवर, टाकीच्या कठड्यावर फोन ठेवला तेव्हा दहाही गेले. सहावा तो डोंगर आत आलेला. अर्जाचं शुल्क डॉलरमध्ये, माझ्या कार्डाला परदेशी व्यवहार चालू नाही. ठाण्याच्या भावानं त्याच्या कार्डावरून भरलं. मिस्त्रीकाकांचं पत्र पोचल्याची खूण हिरवी झाली होती. सगळं पुन्हा एकदा वाचलं. "साखळी" हा शब्द भाचीनं एके ठिकाणी "जोड" केला होता, तो बदलला.

१०.४० ला पाठवलं. मुदतीला अजून जवळपास बारा तास होते, पण आणखी हात लावला असता तर मी पुन्हा जोडाविषयीच लिहू लागले असते.

रात्री ११.०५

भट्टी भरली. आज बर्नरवर वळवलेल्या नऊ कड्या, पाच तुसाच्या, चार मावशींच्या जुन्या हिरव्या. आई कंबरेवर हात ठेवून बघत होती. मग ती आत गेली आणि हातरुमालात बांधलेली एक काच घेऊन आली. माझ्या बारशाला मावशींनी भरलेल्या चुड्यातली, वाढवलेली. इतकी वर्षं तिनं ती ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

"हिची पण कर एक कडी," म्हणाली.

आज केली नाही. या काचेचा अंक मला ठाऊक नाही, आधी तिच्या टोकाचा इवलासा तुकडा तापवून बघावा लागेल. काच रुमालासकट भट्टीवरच्या फळीवर ठेवली, आकडा ५१० वर लावला आणि कंडेन्सर कागदात गुंडाळायला घेतला. पहिली एसटी लवकर असते.